ट्रक टेबलावर नाही, शोकेसमध्ये बिघडतो

मोठ्या मापाचा मॉडेल ट्रक जोडताना फारसा बिघडत नाही. पार्ट तुटला तर चिकटवता येतो, रंग ओघळला तर घासून पुन्हा मारता येतो. नुकसान सुरू होतं ते गाडी पूर्ण होऊन शोकेसमध्ये गेल्यावर. निलंग्यात हा छंद असणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळं औराद-औसा भागातल्या जायबंदी गाड्याही दुरुस्तीला माझ्याकडंच येतात. त्यांत जोडणीतली चूक क्वचित सापडते. ऊन, धूळ, वजन आणि लोकांचे हात, हेच चार गुन्हेगार पुन्हा पुन्हा भेटतात.

माझ्या एका गाडीला तर हे चारही एकदम भेटले. उसाच्या हंगामात लातूर-जहीराबाद रस्त्यावर पूर्वी दिसायची तसली जुनी टाटा मी १:१४ मापात बांधली होती. टाटा-लेलँडची किट सहजासहजी मिळत नाहीत. टामियाच्या या मापात स्कॅनिया, व्होल्वो अशा परदेशी गाड्या असतात. म्हणून चासी, ॲक्सल आणि चाकं किटची घेतली, केबिन आणि हौदा सनबोर्डचा केला. खऱ्या गाडीचीही रीत तीच होती. कारखान्यातून चासी यायची आणि केबिन-हौदा बॉडीवाल्याकडं बांधला जायचा. नंबर अर्थातच एमएच २४.

गणपतीत एका मंडळानं ऊसतोडीचा देखावा केला आणि गाडी मागून नेली. विसर्जनानंतर ती परत आली तेव्हा डावा फाळका मधोमध बाहेर फुगलेला होता, कारण त्या बाजूला हातभर अंतरावर हॅलोजनचा फोकस लावला होता. स्पीकरच्या दणक्यानं एक आरसा सुटून कुठं गेला, कुणालाच माहीत नाही. हौद्यात कुणीतरी हौसेनं खऱ्या उसाची कांडकी भरली होती; त्या गोडीला लागलेल्या मुंग्या चासीच्या पोकळीत शिरल्या होत्या. आणि गुलाल! केबिनचा रंग मॅट, म्हणजे खरखरीत. दाराच्या फटीत, पाट्यांच्या थरांत, वायपरखाली गुलाल बसला होता. कोरड्या ब्रशनं निघाला तेवढा निघाला. घरातल्या कुणीतरी ओलं फडकं फिरवलं तिथं मात्र गुलाबी डाग कायमचा मुरला. मंडळातल्या पोरांना बोल लावून काय होणार? गर्दी आवरायची की खेळण्याएवढ्या ट्रककडं बघायचं? तेव्हापासून मी किट घ्यायला निघालेल्या माणसाला आधी मांडणीचं विचारतो.

पहिली गोष्ट म्हणजे टेप घ्या आणि जागा मोजा. युरोपात ट्रेलर जोडलेल्या गाडीची लांबी साडेसोळा मीटरपर्यंत असते. १:२४ मापात ती सुमारे ६९ सेंटिमीटर होते, १:१४ मापात ११८. घरची तीन फुटी शोकेस ९१ सेंटिमीटरची. म्हणजे इटालेरी किंवा रेवेलची १:२४ ची गाडी तिच्यात आरामात बसेल, पण १:१४ चा ट्रेलर कपाटावर उघडाच राहील, आणि वर्षभरात त्याची रया जाईल.

जागा पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. किटचं पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, सनबोर्ड त्याच्या बराच आधी. आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. खोलीत त्यानं काही होत नाही, पण थेट ऊन पडणाऱ्या बंद काचेआड हवा कितीतरी जास्त तापते. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या कारमध्ये तर साठ अंश सहज ओलांडतात. लातूरला प्रदर्शनाला गाडी न्यायची तर पहाटे निघा, आणि वाटेत जेवायला थांबलात तर खोकं बरोबर आत घेऊन जा. शोकेसमध्ये उजेडाला एलईडी पट्टी पुरते.

टायरचा घात सर्वांत उशिरा कळतो. अनेक किटांत टायर मऊ व्हिनाइलचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यांत जे द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीनच्या डिस्कला विरघळवतं. एका गाडीचा टायर मी काढायला गेलो तर डिस्कची कड त्याच्याबरोबर तारेसारखी लांबत आली. नटांची टोकं पार सपाट झाली होती. बाहेरून बघताना गाडी नवी कोरी! यावर उपाय सोपा आहे. टायर चढवण्याआधी डिस्कवर, जिथं टायर टेकतो तिथं, चिकट ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी लावा. शोकेसच्या फळीवरही टायरखाली काचेचा तुकडा ठेवा.

त्याच वेळी चासीखाली दोन लाकडी ठोकळे असे बसवा की टायर फळीला नुसते टेकतील. सगळा भार वर्षानुवर्षं टायरवर राहिला तर ते खालून चपटे होतात आणि बारीक ॲक्सल वाकतात. हौदा भरलेला दाखवायचा असेल तर आत थर्मोकोल कोंबा आणि फक्त वरचा थर मालाचा दाखवा. खरं सोयाबीन, तूर, ऊस काही नको. सोंडे आणि मुंग्या ठरलेल्याच. उसासाठी खराट्याच्या वाळलेल्या काड्या कापून रंगवल्या की ओळखूसुद्धा येत नाहीत. फक्त थर्मोकोलवर स्प्रेचा रंग थेट मारू नका, तो खड्डे पाडतो.

रंगाला मुहूर्त हिवाळ्यातला. मे महिन्याच्या दुपारी स्प्रेचा थेंब गाडीवर पडण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा लागतो. श्रावणातल्या दमट हवेत लॅकरवर दुधाळ झाक येते. केबिनच्या काचा लावायला झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते, ती पुसून जात नाही. पांढरा फेविकॉल पुरतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

धुळीचा खरा मोसम सोयाबीनच्या मळणीचा. त्या दिवसांत शोकेसच्या फटींना कापडी पट्टी लावा. ॲक्रिलिकची पेटी असेल तर कोरड्या फडक्यानं घासू नका. घासल्यानं तिच्यात वीज येते आणि ती धूळ उलट ओढून घेते. सुताराकडून नवी शोकेस आली की पॉलिशचा आणि सिलिकॉनचा वास पूर्ण जाईपर्यंत तिची दारं उघडी ठेवा, गाडी नंतर.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून खुलं आहे. ती सगळी मांडणी १:८७ मापाची, आणि एकाच जागी पक्की. जागा न हलवणं ही कुठल्याही मॉडेलची सर्वांत स्वस्त राखण असते. तरी गाडी बाहेर द्यायचीच असेल, तर मी आता अटी घालतो: गाडी बंद काचेच्या पेटीतच राहील, फोकस चार हातांच्या आत नसेल, आरसे मी काढून ठेवीन, आणि विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः येऊन गाडी नेईन. ज्याला अटी जड वाटतात तो आपणहून मागणं सोडतो, मैत्री टिकते. घरी पाहुण्यांची मुलं आली की त्यांच्या हाती एक साधा पत्र्याचा ट्रक द्या. हात लावायला काहीतरी मिळालं की काचेकडचं लक्ष उडतं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं मोठ्या मापाच्या मोहात लगेच पडू नये. ते किट कस्टम ड्युटी भरून घरी येईपर्यंत हजारांच्या गड्ड्या मोजाव्या लागतात. १:२४ ची एक गाडी जोडा, ठरलेल्या जागी ठेवा आणि तिला तिथं एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक सुगी काढू द्या. टायर सुटे फिरताहेत, फाळके सरळ आहेत, डेकल उडालेले नाहीत, असं दिसलं की मग १:१४ चं किट मागवा.