जुन्या फाइलीचा पत्ता

अंबरनाथच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांबरोबर अभियांत्रिकीचे कारखानेही आहेत. अशा कारखान्यात लेथजवळचे ड्रॉइंग नीट पाहा. कोपऱ्यात त्याचा क्रमांक असतो आणि शेजारी रिव्हिजनचा आकडा. दांड्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने बदलला, तरी हा आकडा वाढतो. कोणते ड्रॉइंग, कोणते रिव्हिजन हे जॉब कार्डावर लिहितात. आता समजा, नवे रिव्हिजन निघाले आणि त्याच दिवशी जुने फाडून टाकले. पण जुने जॉब कार्ड अजून शॉपमध्ये फिरतेच आहे. ते घेऊन कामगार ड्रॉइंग मागायला गेला, तर त्याला काय मिळेल?

वेबवर असेच घडते. परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. पान उघडते, अक्षरे दिसतात. पण रंग नाही, रचना नाही आणि 'पाठवा' हे बटण कितीही दाबले तरी हलत नाही. असे का व्हावे?

विद्यार्थी मित्रांनो, वेबचे पान एकसंध नसते. मूळ पानात मजकूर असतो आणि पत्ते असतात: सजावटीची फाइल इथे, बटण चालवणारा प्रोग्राम तिथे, चित्र अमक्या ठिकाणी. मागणाऱ्या प्रत्येकाला जशाच्या तशा दिल्या जाणाऱ्या या फाइलींना स्टॅटिक, म्हणजे स्थिर फाइली म्हणतात. ब्राउझर त्या एकेक करून सर्व्हरकडे मागतो. फाइल सापडली तर उत्तराचा संकेतांक २००, न सापडली तर ४०४.

त्याच फाइली रोज मागवणे उधळपट्टीचे, म्हणून ब्राउझर त्यांची प्रत स्वतःजवळ ठेवतो. या साठ्याला कॅश म्हणतात. प्रत किती काळ चालेल हे सर्व्हर सेकंदांत सांगतो. ३,१५,३६,००० हा आकडा पुष्कळदा आढळतो. भागाकार करून पाहा, बरोबर ३६५ दिवस येतील! पण वर्षभर जुनीच प्रत वापरली, तर मधली दुरुस्ती कळणार कशी? येथे युक्ती रिव्हिजनचीच. फाइलीतील मजकुरावर गणिती क्रिया करून एक 'ठसा' काढतात आणि तो नावातच घालतात. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो, नाव बदलते, आणि नव्या पानातले नवे नाव वाचून ब्राउझर नवी फाइल मागतो.

अडचण या युक्तीतूनच निघते. सकाळी उघडून ठेवलेल्या पानात जुनी नावे आहेत. दुपारी सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवली, जुन्या फाइली पुसल्या. संध्याकाळी तेच पान प्रोग्रामचा आणखी एक तुकडा जुन्या नावाने मागते. उत्तर येते ४०४. त्याचे जॉब कार्ड जुने झाले!

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नव्या फाइली चढवायच्या, मग त्यांची नावे असलेले पान. जुन्या फाइली काही आठवडे तशाच राहू द्यायच्या. मूळ पान मात्र दर वेळी सर्व्हरला विचारूनच वापरावे, अशी सूचना ब्राउझरला द्यायची. त्यात बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढेच कळवतो, मजकूर पुन्हा पाठवत नाही. काही मेगाबाइट वाचवण्यासाठी एखाद्याचा अर्ज अडावा, हा सौदा मला तरी पटत नाही.

काही सर्व्हर तर हरवलेल्या फाइलीऐवजी मुखपृष्ठच पाठवतात, तेही २०० संकेतांकासह! ब्राउझरला हवा असतो प्रोग्राम, हाती येते पान, आणि पहिल्याच '<' या चिन्हाशी गाडी अडते. दोष शोधणारा प्रोग्राममधली चूक शोधत बसतो. यापेक्षा सरळ ४०४ बरा.

शाळेच्या संगणकावर हा दोष मुद्दाम घडवून पाहा. एक साधे एचटीएमएल पान लिहा आणि त्यात त्याच फोल्डरमधले एक चित्र दाखवा. पान उघडे ठेवून चित्राच्या फाइलीचे नाव बदला. चित्र अजून दिसतच राहील. आता एफ१२ ही कळ दाबून 'नेटवर्क' यादी उघडा आणि पान पुन्हा लोड करा. सर्व्हर मध्ये नसल्यामुळे ४०४ येणार नाही, पण कोणती फाइल सापडली नाही हे यादीत दिसेल. मग जुन्या नावाची एक प्रत नव्या नावाच्या फाइलीशेजारी ठेवा आणि पुन्हा लोड करा.