घरी घंटा नको गं

तू पोराला शाळेतून काढलंस, किंवा घातलंच नाहीस, आणि आता रात्री सगळे झोपले की पुस्तकांच्या याद्या बघत बसतेस. गणिताची कुठली वही, विज्ञानाचं कुठलं पुस्तक, पवित्र शास्त्राचा कुठला पाठ. शिवाय सकाळचा डबा आहे, धुण्याचा ढीग आहे. रविवारी उपासना सुटली की तुझ्यासारख्या मुली मला चर्चच्या आवारात गाठतात आणि विचारतात, "ताई, शाळाही मीच आणि घरही मीच, जमणार कसं?"

बघ, घरी शिकवायला लागलं की पहिल्यांदा आपण सगळ्याच जणी घरात शाळा उभी करतो. मीही केली होती. भिंतीवर फळा, तासांचं वेळापत्रक, आणि तास संपला की मी स्टीलच्या ताटावर डाव वाजवायचे. ताट वाजलं की आमचे हे हात धुऊन जेवायलाच येऊन बसायचे! शेवटी ती घंटा बंद केली आणि हळूहळू वेळापत्रकही उतरवलं. खरं सांगू का, शाळेला घंटा लागते, कारण तिथे तीस-चाळीस पोरं एका वेळी उठवायची आणि बसवायची असतात. कायद्यानेसुद्धा पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक धरलाय. तुझ्यापुढे दोन आहेत, आणि त्यातलं एक अजून गोधडी ओढत फिरतंय. हजेरी, रांगा, वह्या तपासणं हे सगळं काढून टाक, मग लक्षात येईल की लहान मुलाचा खरा अभ्यास दीड-दोन तासांच्या वर जात नाही.

हे मी मनचं सांगत नाही गं. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन म्हणून एक बाई होऊन गेल्या, १८४२ चा जन्म, श्रद्धाळू ख्रिस्ती. 'होम एज्युकेशन' हे त्यांचं पुस्तक १८८६ सालचं. त्यांचं म्हणणं असं की सहा वर्षांच्या आत पाठबीठ नकोत, पोराला बाहेर झाडाखाली सोडा. पुढे लहान मुलाचा एक पाठ वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. आणि वाचायचं एकदाच. मग पुस्तक मिटायचं आणि पोराने ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्नपत्रिका नाही, गाळलेल्या जागा नाहीत. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पाठ चालू असताना धाकटं तांदळाच्या डब्यात बसलं तर काय करायचं, ते मात्र त्या सांगत नाहीत. ते मी सांगते. बसू दे. तांदूळ चाळून घेता येतात.

आता सकाळचं बघू. चहा झाला की तिथेच बसून उपासना उरकून घे, भांडी राहू देत. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, म्हणजे आज जी तारीख तो अध्याय; शोधाशोध नको, वाद नको. मोठ्याने वाचायचं आणि पोराने सांगायचं. ते अडखळलं तर लगेच तोंडात शब्द घालू नकोस, थोडी थांब. आपल्या मराठी शास्त्राची भाषा जुन्या वळणाची आहे, पोरं दर दोन वचनांमागे "म्हणजे काय?" विचारतात. विचारू देत. मराठीचा तास वेगळा कशाला हवा मग? एखादं स्तोत्र महिनाभर रोज म्हणायचं, तेविसावं घे, एकशेएकविसावं घे. पाठ करायला बसवायचं नाही, नुसतं म्हणायचं. 'उपासना संगीता'तलं एक गीतही तसंच. आणि मधेच केळं मागितलं तर दे बाई, केळं खाताना केलेली प्रार्थनाही वर पोचते.

पुढे स्वयंपाकघर. इथेच तुझी निम्मी शाळा आहे. भाकरीची चतकोर, अर्धी, पाऊण झाली की अपूर्णांक हातात आला, खाल्ला की वजाबाकीही झाली. सव्वा किलो बटाटे, दीड पाव मिरच्या, पावणेदोनला येणारी बस, हे सगळं तोंडी हिशेबाचं सोनं आहे. बाजारात पिशवी तुझ्याकडे आणि सुटे पैसे पोराकडे ठेव. भाजीवाल्या मावशी पोराला हिशेब चुकू देत नाहीत, आणि ओरडतही नाहीत. मेथी निवडायला बसवलंस तर हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, म्हणजे काल वाचलेली गोष्ट सांगून घ्यायला याच्याइतकी चांगली वेळ नाही. वाफ कशी होते ते शिकवायलाही गॅस बरा, फक्त दूध ठेवून शिकवू नकोस. मी शिकवलं होतं. पोराला वाफ कळली, मला ओटा घासावा लागला.

घरकाम आणि अभ्यास ही दोन कामं आहेत असं तू धरलंस म्हणून तू दमतेस. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आपलं ताट धुता यावं, कपड्यांच्या घड्या घालता याव्यात, वरण-भात लावता यावा. मुलगा असला तरी, हे ठासून सांगते. आणि या कामाचे पैसे देऊ नकोस. घर त्याचंही आहे ना? पहिले काही दिवस घड्या वाकड्या येतील, कपाट बंद होणार नाही. तू मागून जाऊन सरळ करायच्या नाहीत, एवढं मन घट्ट कर.

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायाचं मात्र बोलायलाच हवं, कारण महिनाअखेरीला तो आला की तू रडवेली होतेस, मला माहितीये. ती सद्गुणी स्त्री! पहाटे उठते, लोकर कातते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, रात्री तिचा दिवा विझत नाही. आपण मात्र नऊला दिव्याआधी विझतो. खरं सांगू का, तो भाग म्हणजे मूळ हिब्रूत बावीस वचनांचं कवन आहे, प्रत्येक वचन पुढच्या पुढच्या मुळाक्षराने सुरू होतं. एका बाईचं उभ्या जन्माचं कौतुक आहे ते, मंगळवारचं वेळापत्रक नाही. आणि पंधरावं वचन नीट वाच गं, तिच्या घरी दासी होत्या! भाषण देणारे ते वचन पटकन ओलांडून जातात. तेव्हा परवडत असेल तर भांड्यांना बाई लाव आणि त्याची लाज बाळगू नकोस. परवडत नसेल तर दोन भाज्यांऐवजी एक कर. कुणाचं काही अडत नाही.

सुसाना वेस्लीचं नाव तू ऐकलंच असशील, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्सची आई. एकोणीस मुलं झाली, त्यातली दहाच जगली, नवरा पाळक आणि कायम कर्जात. मूल पाच वर्षांचं झालं की दुसऱ्या दिवशी त्याची मुळाक्षरं सुरू. सहा तास शिकवायची, ते मात्र तू करू नकोस. तिच्याविषयी सांगतात की प्रार्थनेला एकांत मिळेना, तेव्हा ती एप्रन डोक्यावर ओढून बसायची आणि पोरं समजायची की आता आईला हाक मारायची नाही. तुझ्याकडे ओढणी आहे. करून बघ, पहिल्या दिवशी पोरं ओढणीखाली डोकावतील, आठवड्याने सोडतील. पण मला तिची दुसरी गोष्ट जास्त आवडते. आठवड्यातली एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलासाठी राखली होती, आणि जॉनचा वार गुरुवार. एवढ्या गर्दीत! तुला दोघांसाठी दोन संध्याकाळी काढता येतील की नाही? अभ्यास नको, नुसतं जवळ बसायचं, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जायचं.

आणि हे सगळं इंग्लंडातून आलंय असं समजू नकोस. पंडिता रमाबाईंना कोणी शिकवलं? आईने. वडील अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि ते थकल्यावर लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. घर कट्टर हिंदू, मुक्काम कधी रानात तर कधी तीर्थाच्या वाटेवर. दिवसा कामाचा रगाडा, म्हणून ती माउली पहाटे झोपाळलेल्या पोरीला गोंजारून उठवायची आणि तोंडी पाठ द्यायची. हातात पुस्तक नाही, पाटी नाही. हीच पोर पुढे ख्रिस्ती झाली आणि तिने केडगावात अख्खं बायबल मराठीत आणलं. तू घरी शिकवायला लागलीस यात काही विलायती खूळ नाही, असं सासूबाईंना याच गोष्टीने सांग.

सासूबाईंचं म्हणशील, तर त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना काम दे. दुपारी नातवंडांना वाचून दाखवायचं आजींनी. 'स्मृतिचित्रे' हातात दे, लक्ष्मीबाई टिळकांच्या फजित्या वाचताना त्याच आधी हसू लागतील. "नातवाला अडाणी ठेवणार का" म्हणणाऱ्या आजी थोड्या दिवसांनी शेजारणीला सांगतात, "आमच्याकडे मीच शिकवते." सांगू देत त्यांना.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे आईबापांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा काही ठेवलेली नाही. घरी शिकवण्याला स्वतंत्र मान्यताही त्यात नाही. हे दोन्ही माहीत असू दे, कुणी विचारलं तर गडबडू नकोस. दहावीसाठी एनआयओएस आहे, केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, १९८९ पासूनचं. वय चौदा पूर्ण हवं, विषय पाच, मराठी माध्यमही आहे, परीक्षा वर्षातून दोनदा आणि विषय सुटे सुटे काढता येतात. आत्ता तुझं पोर सात वर्षांचं आहे. एवढं कळलं, पुरे झालं, फाइल मिटव.

आणि नाहीच जमलं तर? तुझी तब्येत बिघडली, पैशाची ओढ लागली, नाहीतर पोरालाच शाळा हवीशी वाटली, तर घाल की शाळेत. त्याच कायद्यात आहे, मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो. देव काही शाळेच्या फाटकाबाहेर थांबत नाही.

एक मात्र कान धरून सांगते. मंडळीतलीच मुलं पुरे, असं करू नकोस. शब्बाथ शाळेतले सवंगडी हवेतच, पण खालच्या मैदानात क्रिकेटला जाऊ दे, दिवाळीत शेजारच्यांबरोबर मातीचा किल्ला करायला पाठव. आणि मग डिसेंबरात तीच पोरं तुझ्या घरी येतील बघ, चांदणीला कामट्या बांधायला, करंज्यांचं सारण चाटायला. आमच्याकडे आगमनकाळ सुरू झाला की गणिताची वही कपाटात जाते. सारणाचं माप, कामट्यांचे कोन, आणि दर रविवारी एक मेणबत्ती जास्त. याहून वेगळा अभ्यास त्या महिन्यात होतही नाही, करायचा अट्टहासही करू नये.

बरं, आता उठ. कुकर लावलायस ना? शिट्ट्या किती झाल्या ते तू मोजू नकोस, पोराला मोजायला सांग. आणि भात थोडा गिचका झालाच, तर आज ताक कर भरपूर.