गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा

शिक्षक मित्रहो आणि पालकहो,
खो-खो, कबड्डीच्या तालुकास्तरीय स्पर्धा बऱ्याचदा परतीच्या पावसाच्या दिवसांतच येतात. दुपारी आभाळ भरून येतं आणि आपण पाऊस सुरू व्हायची वाट बघत सामना चालू ठेवतो. धोका इथेच आहे. पाऊस पडतोय त्या जागेपासून १० किलोमीटर लांबही वीज पडू शकते.

हे अंतर मुलांनाही काढता येतं. प्रकाश लगेच दिसतो, आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. म्हणजे चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. मोजता आलं नाही तरी हरकत नाही. गडगडाट ऐकू आला की शिट्टी वाजवा आणि सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्या. झाडाखाली, मंडपात, उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलं उभी करू नका. इमारत लांब असेल तर काचा बंद केलेली बस चालते.

शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. मध्ये पुन्हा गडगडलं, तर पुन्हा पहिल्यापासून मोजा.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये असू द्या. आणि शिट्टी कोणी वाजवायची हे सकाळीच ठरवा. गुण बरोबरीत असताना ते ठरवणं फार अवघड जातं. पालकहो, तेव्हा "पाऊस तरी कुठंय?" म्हणू नका, सरांना-मॅडमना साथ द्या. सामना उद्याही खेळवता येतो.