सौर पॅनेल : स्वहस्ते बांधणी आणि त्यामागचे शास्त्र

इतिहासाच्या अध्यापकांनी सौर पॅनेलवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु वीज हा विज्ञानाचा विषय आहे तसाच समाजाच्या इतिहासाचाही आहे. वीज कोणाच्या दारी आधी पोहोचली आणि कोणत्या वस्तीने कंदिलाच्या उजेडात किती वर्षे काढली, हे आपल्या अनेक पालकांनी अनुभवलेले आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विद्युतशक्तीचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते आणि १९४४ साली केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळाची स्थापना त्याच काळात झाली. स्वस्त व विपुल विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. त्या दृष्टीने आपण या विषयाकडे पाहू.

पूर्वेतिहास

प्रकाशापासून वीज मिळू शकते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेक्वेरेल यांनी १८३९ साली दाखवून दिले. पुढे सेलेनियमचे घट तयार झाले, परंतु ते पडलेल्या प्रकाशाच्या एक टक्काही वीज देत नसत. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिद्ध केलेला सिलिकॉनचा घट जगापुढे ठेवला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. १९५८ साली ‘व्हॅनगार्ड-१’ या उपग्रहावर असे घट बसले. आज घरांच्या छपरांवर दिसणारी पॅनेले त्याच घराण्यातील आहेत.

घटाचे कार्य

सौर घट म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या दोन थरांत वेगवेगळी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात मिसळलेली असतात. सूर्यप्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि थरांच्या सीमेवरील विद्युतक्षेत्र त्यांना एका दिशेस ढकलते. बाहेरून तार जोडली की प्रवाह सुरू होतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. घट लहान असो वा मोठा, काम करताना त्याचा विद्युतदाब सुमारे अर्धा व्होल्टच असतो. आकार वाढला की वाढतो तो प्रवाह. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरण्यास साधारण १४.४ व्होल्ट लागतात. उन्हाने घट तापले की दाब घटतो आणि तारांतही थोडा खर्च होतो. म्हणून ३६ घट एकसर जोडून १८ व्होल्ट मिळवतात.

बांधणी

साहित्य असे : तीन इंच बाय सहा इंचांचे ३६ घट (फुटण्याची शक्यता धरून चार-पाच अधिक), घट जोडण्याची चपटी कथिलाची तार, फ्लक्स, डाख देण्याची इस्त्री, कठीण केलेली काच, ॲल्युमिनियमची चौकट, सिलिकॉन सीलंट, डायोड आणि मल्टिमीटर.

प्रथम प्रत्येक घट उन्हात धरून मल्टिमीटरने तपासावा. नेहमीच्या घटाची निळी बाजू ऋण व मागची बाजू धन असते. म्हणून एका घटाच्या निळ्या बाजूची तार पुढच्या घटाच्या पाठीशी डाखावी. घट कागदाहून फारसा जाड नसतो. इस्त्री दाबू नये, हलक्या हाताने सरकवावी. नऊ घटांच्या चार ओळी करून त्या टोकांशी जोडाव्यात. सर्व जोडणी काचेत बंद करण्यापूर्वी उन्हात पुन्हा मोजावी. भार न जोडता २० ते २१ व्होल्ट दिसले की जोडणी बरोबर आहे असे समजावे. त्याहून बराच कमी दाब आला, तर ओळ एकेक करून तपासावी.

अशा घटाची क्षमता सुमारे १.८ वॉट धरली, तर पॅनेल ६५ वॉटच्या आसपास होते. दिवसाकाठी पाच तासांचे पूर्ण ऊन मिळाले, तर गळती वजा जाता २०० वॉट-तास हाती येतात. नऊ वॉटचे चार दिवे पाच तास लावल्यास १८० वॉट-तास खर्च होतात. अभ्यासाच्या एका खोलीचा प्रश्न यात सुटतो.

महाराष्ट्रात पॅनेल दक्षिणाभिमुख व सुमारे २० अंश कलते ठेवावे. एकसर जोडणीत एका घटावर सावली पडली तरी सर्व ओळींचा प्रवाह रोडावतो. उन्हाळ्यात पॅनेल तापले की २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्के शक्ती घटते. म्हणून पॅनेलखाली हवा खेळती असावी.

दक्षता

लाकडी चौकट वापरू नये, सदोष सांधा तापून ती पेट घेऊ शकते. बॅटरीजवळ फ्यूज आणि मधे चार्ज कंट्रोलर अवश्य असावा. डाखकाम मोठ्यांच्या देखरेखीखाली, हवेशीर जागी करावे. असे पॅनेल घरातील वीजमंडळाच्या वायरिंगला कदापि जोडू नये.

बांधावे की विकत घ्यावे?

प्रामाणिक उत्तर असे की, घराच्या छपरासाठी विकतचे प्रमाणित पॅनेलच घ्यावे. कारखान्यात घट निर्वात दाबाखाली काचेशी एकजीव केले जातात आणि उत्पादक बहुधा २५ वर्षांची हमी देतात. हाताने बंद केलेल्या काचेत एक-दोन पावसाळ्यांत ओल शिरते व सांधे गंजतात. सुटे घट आणि काच यांचा खर्चही तयार पॅनेलहून कमी पडेलच असे नाही.

मग बांधायचे कशासाठी? समजण्यासाठी. आपल्या समाजात हत्यार हाती असणाऱ्यांना अक्षर नाकारले गेले आणि अक्षर जाणणाऱ्यांनी हत्याराला हात लावला नाही. डाख देणारा आणि आकडेमोड करणारा विद्यार्थी एकच असतो, तेव्हा ही जुनी फारकत त्याच्यापुरती तरी मिटते. शिवाय ज्याने ३६ घट जोडले, त्याला दुकानदार सहसा फसवू शकत नाही. तो पॅनेलमागील पट्टी वाचतो, भर दुपारी दाब व प्रवाह मोजतो, आणि शंभर वॉट म्हणून विकले जाणारे पॅनेल पन्नासाचे असेल तर तेथेच ओळखतो. कष्टाने जमवलेल्या पैशांतून पॅनेल घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हे ज्ञान मोलाचे आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे विद्युत क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेच्या प्रयोगशाळेस द्यावा, अशी आमची विनंती आहे. पालकांनीही मुलांच्या हाती मल्टिमीटर द्यावा. पाठ्यपुस्तकाइतकेच तेही अभ्यासाचे साधन आहे.