पट्टीवर काय आहे ते मोठ्यानं वाचा

बारामतीला, गोंदियाला विमान चालवायला शिकणारी आमच्या जत भागातली मुलं सुट्टीला आली की भेटून जातात. लायसन्स हातात आलेलं असतं, एअरबस ए-३२०च्या टाइप रेटिंगचे, म्हणजे ते विमान चालवण्याच्या खास परवान्याचे, वेध लागलेले असतात. ‘सर, ऑटोपायलटच्या एवढ्या कळा लक्षात कशा ठेवायच्या?’ हा प्रश्न हमखास येतो. कळा हाताला आपोआप सवयीच्या होतात. मला काळजी असते ती त्यांच्या नजरेची.

वैमानिकासमोरच्या मुख्य स्क्रीनवर अगदी वर एक अरुंद पट्टी असते. फ्लाइट मोड अ‍ॅन्युन्सिएटर. कॉकपिटमध्ये सगळे एफएमए म्हणतात. एअरबसवर तिचे पाच रकाने. पहिल्यात इंजिनांचा जोर कसा सांभाळला जातोय ते, दुसऱ्यात विमान वर-खाली कशाच्या आधारे चाललंय ते, तिसऱ्यात दिशा. उरलेल्या दोनांत उतरण्याची क्षमता आणि काय काय चालू आहे त्याची नोंद. हिरवी अक्षरं म्हणजे आत्ता लागू असलेला मोड, निळी म्हणजे पुढे लागू होण्यासाठी तयार ठेवलेला. मोड बदलला की नव्या शब्दाभोवती १० सेकंद पांढरी चौकट दिसते. तेवढ्यात कुणी वाचलं नाही, तर चौकट जाते आणि तो शब्द बाकीच्या अक्षरांत मिसळून जातो.

मी सहवैमानिक होतो तेव्हाची गोष्ट. ढगांतून खाली येत होतो, रेडिओ सारखा चालू होता. कॅप्टनना मिनिटाला १००० फुटांनी उतरायचं होतं. त्यासाठी व्हर्टिकल स्पीडची कळ ओढायची. उंचीची कळ तिला लागूनच. त्यांचा हात शेजारच्या कळीवर गेला. विमान खाली निघालं, सगळं हवं तसंच वाटत होतं. पट्टीवर मात्र पहिल्या रकान्यात ‘थ्रस्ट आयडल’ आणि दुसऱ्यात ‘ओपन डिसेंट’ उमटलं होतं. मी ते मोठ्यानं वाचलं. कॅप्टननी वर पाहिलं, ‘मला व्हर्टिकल स्पीड हवा होता’ म्हणाले आणि योग्य कळ ओढली. उंची भरपूर होती, निभावलं.

बंगळूरला उंची नव्हती. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं फ्लाइट ६०५ तिथल्या एचएएल विमानतळाच्या धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळलं. विमान जेमतेम दोन महिन्यांचं, हवा स्वच्छ, इंजिनं ठणठणीत. तरी १४६ जणांपैकी ९२ गेले.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या. ओपन डिसेंटमध्ये इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान जोरावर, जातात आणि वेग सांभाळायचं काम नाकाच्या कोनावर येतं. व्हर्टिकल स्पीडमध्ये उलट: नाक उतरण्याचा दर धरतं, इंजिनं वेग धरतात. ओपन डिसेंट लागलेला असताना धावपट्टी गाठण्यासाठी नाक वर धरलं, की वेगाला कुणी वालीच राहत नाही. बंगळूरला वेग १३२ नॉट हवा होता, तो १०६वर आला. मिनिटाला ७०० फुटांच्या दराऐवजी ७०० फुटांची उंची लावली गेली असावी, असं चौकशीत पुढे आलं. दोन्ही वैमानिकांचे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसं धरायचं ते स्क्रीनवर दाखवणारे मार्गदर्शक, बंद झाले असते तर ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, ‘स्पीड’ मोडवर आली असती. एक बंद झाला, दुसरा चालूच राहिला. अनुभवी माणसांच्या हातून हे घडलं, म्हणून मला ते कुणाच्या निष्काळजीपणाची गोष्ट म्हणून सांगवत नाही.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२च्या रात्री, फ्रान्समध्ये स्त्रासबूरजवळ एअर इंटरचं ए-३२० डोंगरावर आदळलं; ८७ जण मेले. ३.३ अंशांचा उतार हवा असताना मोड व्हर्टिकल स्पीडचा राहिला आणि विमान मिनिटाला ३३०० फुटांनी खाली आलं, ही शक्यता तपासात सर्वांत जवळची ठरली. कळीवरच्या खिडकीत एका मोडमध्ये ‘३.३’ दिसे, दुसऱ्यात नुसतं ‘३३’. पुढे एअरबसनं दराचे चारही आकडे दाखवायला सुरुवात केली.

म्हणून मुलांनो, कळ ओढली म्हणजे काम झालं असं समजू नका. आपल्याकडे बोअरची मोटर मोबाईलवरून सुरू केली, तरी पाणी पडतंय का बघायला माणूस पाइपाशी जातोच. कळ ओढल्यावर नजर पट्टीवर गेलीच पाहिजे. मोड आपोआपही बदलतात. ठरवलेली उंची जवळ आली की ओपन डिसेंट जाऊन उंची पकडणारा मोड येतो. तोही वाचायचा. दिसेल ते तोंडानं म्हणायचं, आणि शेजारच्यानं स्वतः वाचल्याशिवाय ‘चेक्ड’ म्हणायचं नाही.

आपल्या भागातल्या मुलांना थोरामोठ्यांना टोकायला जड जातं. मी त्यांना समोर बसवून ‘सर, ओपन डिसेंट’ असं खणखणीत म्हणायला लावतो. यात कुणाची चूक काढलेली नसते, समोर दिसतंय तेवढंच वाचलेलं असतं. ज्याला हे वाईट वाटेल असा कॅप्टन मला तरी विरळाच भेटला.

वेग आत्ता कोण सांभाळतंय, नाक की इंजिनं, हे स्वतःला विचारत राहा. ऑटोथ्रस्टवर उतरताना १००० फुटांवर पहिल्या रकान्यात ‘स्पीड’ दिसत नसेल, तर कारण शोधत बसू नका. उतरणं सोडून पुन्हा वर चढा, गो-अराउंड करा.