शेवग्याची शेंग आणि सुतार भुंगा

चेन्नईतील अण्णा नगर ही १९६८ मधील व्यापार मेळ्याच्या जागेभोवती वाढलेली आखीव वसाहत. तेथील अंगणात शेवगा आणि गच्चीवर कुंडीत वांगी-टोमॅटो असतील, तर त्यांची फळधारणा कोणत्या कीटकावर अवलंबून राहते, हा प्रश्न महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही लागू आहे. आपल्याकडे सर्वत्र लावली जाणारी शेवग्याची पीकेएम-१ ही जात तमिळनाडूतील पेरियाकुलमचीच देणगी आहे.

झाड फुलांनी लगडते, परंतु शेंगा मोजक्याच धरतात, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. पाण्याचा ताण, अतिरिक्त पाणी व तीव्र उष्णता ही फूलगळीची कारणे आहेतच. मात्र अपुरे परागीभवन हे कारण क्वचितच तपासले जाते.

शेवग्याचे फूल पहाटे उमलते. मधासाठी त्यात शिरणारा कीटक अंगाने मोठा असला, तरच त्याचा स्पर्श परागकोश व कुक्षी या दोहोंना नीट होतो. हे काम काळा, जाडजूड सुतार भुंगा उत्तम रीतीने करतो. वांगी व टोमॅटोमध्ये पराग परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्रातून बाहेर पडतात. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो आणि पराग झडतात. सातेरी किंवा मेलिफेरा माशीला हे कंपन साधत नाही. म्हणून केवळ मधपेट्या ठेवल्याने प्रत्येक पिकाची गरज भागत नाही.

हा भुंगा पोळे बांधत नाही. मादी वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत बोगदा कोरते, पराग व मधाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते आणि भुशाची भिंत घालून पुढचा कप्पा तयार करते. तिची संतती थोडीच असते. त्यामुळे छाटणीनंतर वाळलेली खोडे सरसकट जाळली, तर पुढील बहराचे परागवाहकच नष्ट होतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबींचा प्रसार करावा :

१. बांधावर काही वाळके ओंडके राखावेत. एका टोकाला पेर बंद व दुसरे टोक उघडे असलेल्या बांबूच्या नळ्यांची जुडी पावसापासून आडोशाला आडवी बांधावी.

२. ताग, तूर व गिरिपुष्प ही भुंग्याची आवडती झाडे जवळपास असावीत, म्हणजे बहर नसतानाही त्याला खाद्य मिळते.

३. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळावे. फवारणी अटळच असेल, तर कीटकांची ये-जा थांबल्यावर सायंकाळी करावी.

४. एकाच झाडावरील काही कळीदार घोस मलमलच्या पिशवीने झाकावेत व तितकेच उघडे ठेवावेत. फुले गळाल्यावर पिशव्या काढून दोन्हींकडील शेंगा मोजाव्यात. दोन्हींतील फरक हीच परागवाहकांची मजुरी होय.

भुंगा घराचे वासे पोखरतो म्हणून त्याला मारले जाते. नराला नांगी नसते आणि मादी डिवचल्याशिवाय सहसा डंख करत नाही. वाशांना रंग द्यावा आणि भुंग्यासाठी बांधावर ओंडका ठेवावा; घरही राखले जाईल आणि शेंगही.