मूळ संहितेची दुरुस्ती व घडण

छापील पुस्तकाच्या अखेरीस शुद्धिपत्र असतें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. अमुक पृष्ठ, अमुक ओळ. अशुद्ध हें, शुद्ध तें. एवढ्यानें सारें पुस्तक पुन्हां न छापतां त्याची दुरुस्ती होते. संगणकाच्या क्षेत्रांत अशाच शुद्धिपत्रास ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात. तें कसें लावावें, आणि दुरुस्त संहितेपासून चालता कार्यक्रम कसा घडवावा, याचा विचार आम्ही येथें करणार आहोंत. उदाहरणासाठीं आम्ही ‘व्हिम’ नांवाचा लेखन-संपादक घेतों. मजकूर लिहिण्याचें व सुधारण्याचें हें साधन विनामूल्य असून त्याची मूळ संहिता सर्वांस खुली आहे.

मूळ संहिता म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. संगणकास केवळ अंकांची भाषा कळते, आणि ती माणसास वाचवत नाहीं. म्हणून रचनाकार ‘सी’सारख्या भाषेंत आज्ञा लिहितो, हीच मूळ संहिता. तिचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमास ‘कम्पायलर’ म्हणतात. पुष्कळ कार्यक्रम तयार स्थितींत विकत मिळतात, परंतु त्यांची संहिता मिळत नाहीं. दिघ्याहून ठाणें-बेलापूर मार्गाच्या कडेनें कारखाने उभे आहेत. तेथें यंत्रांवर काम करणाऱ्या पालकांस या भेदाचें महत्त्व सांगावयास नको. ज्या यंत्राचें ड्रॉइंग हातीं आहे, त्याचा झिजलेला भाग आपणांस करून बसवितां येतो. ज्याचें नाहीं, त्यासाठीं विकणाराच्या दारीं जावें लागतें.

दुरुस्तीची शिस्त महाराष्ट्रास नवी नाहीं. नकला होतां होतां ज्ञानेश्वरींत अशुद्धें शिरलीं होतीं. एकनाथांनीं शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यांत कोणीं पदरच्या ओव्या घालूं नयेत असें बजाविलें. कोणती ओळ कोणीं बदलली, याची नोंद नकलाकार सहसा ठेवीत नसत; त्यामुळेंच असें काम कठीण होतें. संगणकाच्या संहितेंत ही नोंद पॅच ठेवितो. दोन प्रतींतील भेद टिपणारा ‘डिफ’ हा कार्यक्रम अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झाला. तो भेद दुसऱ्या प्रतीस लावणारा ‘पॅच’ हा कार्यक्रम लॅरी वॉल यांनीं १९८५ मध्यें प्रसिद्ध केला.

पॅचमध्यें फाईलचें नांव व ओळीचा क्रमांक असतो. गाळावयाच्या ओळीपुढें − आणि घालावयाच्या ओळीपुढें + हें चिन्ह असतें. शिवाय वरखालच्या, साधारणतः तीन तीन, न बदललेल्या ओळीही दिलेल्या असतात. मजकूर थोडा खालींवर सरकला असला, तरी या शेजारच्या ओळींवरून कार्यक्रम जागा शोधून काढतो. जागा न सांपडल्यास तो तेवढा भाग लावण्याचें नाकारतो व निराळ्या फाईलींत काढून ठेवितो.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम असा :

(१) संहिता उतरवून घेऊन तिची एक प्रत बाजूस जपून ठेवावी.

(२) पॅच आधीं वाचावा. मग ‘ड्राय रन’ ही सूचना देऊन चालवावा. तो बसतो कीं नाहीं एवढेंच तेव्हां कळतें, फाईल बदलत नाहीं. फाईलच्या नांवामागें फोल्डरचें एक जादा नांव असल्यास ‘पी एक’ या सूचनेनें तें गाळलें जातें.

(३) ‘कॉन्फिगर’ चालवावा. आपल्या संगणकावर काय आहे व काय नाहीं हें तो तपासतो. ‘एनकर्सेस’सारखी टर्मिनलची लायब्ररी नसल्यास व्हिमचें काम येथेंच अडतें. ‘प्रिफिक्स’ सूचनेनें स्वतःचें फोल्डर दिल्यास जुना संपादक अबाधित राहतो.

(४) ‘मेक’ म्हणावें. कम्पायलर एकेक फाईल रूपांतरित करतो व शेवटीं सर्व भाग जोडले जातात. पुढें एखादीच फाईल बदलली, तर मुख्यतः तिचेंच काम पुन्हां होतें.

(५) ‘मेक टेस्ट’नें परीक्षा घ्यावी, आणि नंतरच ‘मेक इन्स्टॉल’ करावें.

व्हिमचे कर्ते ब्राम मोलेनार हे डच गृहस्थ. त्यांनीं १९९१ मध्यें व्हिम प्रथम प्रसिद्ध केला, आणि मोबदला न मागतां, वापरणारांनीं युगांडांतील किबाले येथील मुलांस साह्य करावें अशी विनंती केली. व्हिमच्या प्रत्येक पॅचला अनुक्रमांक असतो व तो ‘व्हर्जन डॉट सी’ या फाईलींत नोंदला जातो. २०२३ मध्यें मोलेनार वारले. परंतु प्रत्येक बदल असा नोंदलेला असल्यामुळें इतरांस काम पुढें चालवितां आलें.

या विद्येचा मराठी मुलांस काय उपयोग? ‘ॲ’ या आपल्या अक्षरास युनिकोडच्या तक्त्यांत स्वतंत्र स्थान मिळालें तें २००८ मध्यें. अशा उणिवा ज्यांची भाषा त्यांसच आधीं जाणवतात. त्यांच्यांत संहिता उघडून दुरुस्त करणारे कोणी नसतील, तर त्यांस परक्याच्या सवडीची वाट पाहावी लागते.

मात्र परक्याचा पॅच डोळे मिटून लावूं नये. २०२४ च्या मार्चमध्यें ‘एक्सझेड’ या, फाईली आवळून लहान करणाऱ्या साधनांत चोरवाट दडविलेली आढळली. ती घालणाऱ्यानें पुष्कळ काळ उपयुक्त दुरुस्त्या पाठवून विश्वास संपादन केला होता, आणि चोरवाट ठेविली होती ती परीक्षेच्या फाईलींत व घडणीच्या आज्ञांत. लॉग-इन होण्यास सुमारें अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून अँड्रेस फ्रॉइंड यांस संशय आला आणि ती उघडकीस आली.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुट्टींत एक प्रयोग करा. व्हिम उघडतांना दिसणाऱ्या स्वागताच्या ओळीही ‘व्हर्जन डॉट सी’ मध्येंच आहेत. त्यांतील एक ओळ बदला, डिफ काढून मित्रास द्या, आणि त्यास तो वाचून, लावून, आपल्या संगणकावर व्हिम घडवूं द्या. तुमची ओळ त्याच्या पडद्यावर उमटली, म्हणजे हा पाठ तुम्हां दोघांस आला असें समजावें.